पटलाणीचा दम

घुघानं पटलाणीला लाथ घातली ती भर दुपारी, कच्छच्या रणाच्या मधोमध, मागं मीठ भरलेलं असताना. पटलाणी लोखंडाची होती, घुघा नव्हता. त्याच्या पंजातली दोन हाडं मोडली.

पटलाणी म्हणजे घुघाचा जुना ट्रक. वीस वर्षांपूर्वी एका पटेलाकडून आणला म्हणून हे नाव, आणि स्वभावही नावासारखाच. चालली तर चालली, नाहीतर हात जोडून उभे राहा. मिठानं तिच्या पत्र्याची चाळण केली होती. डावं दार सुंभानं बांधलेलं, उजव्या दाराला काच नाही, आणि हॉर्न दाबला की वायपर हलायचा. पण इंजिन जुन्या घडणीचं. "हत्ती आहे हत्ती," घुघा मिशीवरून हात फिरवत सांगायचा.

या मोसमात त्या हत्तीला काय झालं होतं कोण जाणे. घरून निघाली की अर्धा तास सुरेख चालायची. मग हळूहळू जोर कमी व्हायचा, पाय दाबला तरी उठायची नाही, आणि दोन उचक्या देऊन गप्प. तासाभरानं चावी फिरवली की पुन्हा सुरू, जसं काही घडलंच नाही. दिवसाला दोन खेपा व्हायच्या तिथं दोन दिवसांत एक होऊ लागली. सातव्यांदा ती बंद पडली तेव्हा घुघा खाली उतरला, मागच्या चाकापाशी गेला, आणि पुढचं सगळं गावाला माहीत झालं.

म्हणजे घुघानं गावाला सांगितलं होतं वेगळंच. "माल बांधताना वरून पडलो." पण त्याची आई पूरीबा पाणवठ्यावर आधीच जाऊन आली होती. "कसला पडतोय," ती म्हणाली, "चाकाला लाथ मारली माझ्या वाघानं. लहानपणी म्हशीला मारायचा. म्हैस तरी परत मारायची."

वैशाख संपत आला होता. वेलनाथपर हे गाव कच्छच्या लहान रणाच्या अगदी काठावर. जेठ सरता सरता रणात पाणी शिरतं. तोवर जे मीठ काठावरच्या आवारात येऊन पडलं ते मीठ, आत राहिलं ते पाणी. घुघाची बायको रूडी हिचा धाकटा भाऊ अमरशी याचं मिठाचं आगर अठरा किलोमीटर आत होतं. आठ महिने त्यानं आणि त्याच्या बायकोनं खाऱ्या पाण्यात उभं राहून दाताळी ओढली होती. पायाच्या कातड्याचं चामडं झालं होतं. त्या कष्टाचा ढीग पांढराशुभ्र होऊन रणात पडला होता, कारण बहिणीच्या घरी ट्रक असताना दुसऱ्याला कशाला सांगायचं, म्हणून तो थांबला होता.

आता ट्रक अंगणात उभा आणि ट्रकवाला बाजेवर आडवा, गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

वशराम मिस्त्री तालुक्याच्या गावाहून आला. अंगानं बारीक, तोंडात सुपारी. त्यानं बोनेट उघडलं, इंजिन सुरू करायला लावलं, एक डोळा मिटून मिनिटभर ऐकलं, आणि बोनेट असं खाली घेतलं जसं मढ्यावर कापड ओढतात.

"बोअर गेलाय."

"गेलाय म्हणजे?" रूडीनं विचारलं.

वशरामनं तिच्याकडे न बघता घुघाला सांगितलं, "आतून झिजलंय. इंजिन उतरवावं लागेल. माझ्याकडे आधीचे तीन उतरलेले आहेत. पंचवीस दिवस धर."

"पंचवीस दिवसांनी तिथं बदकं पोहतील, वशरामभाई."

"मग बदकांना सांग थांबायला," म्हणून वशराम चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी भूपत आला. त्याचे दोन नवे ट्रक होते आणि सगळ्या आगरांवर फिरत होते. बाजेशेजारी बसून त्यानं पायाची चौकशी केली, मग पटलाणीभोवती एक चक्कर मारली, तिच्या पत्र्यावर टिचकी वाजवली तर बोट आत गेलं.

"घुघाभाई, ही मला दे. भंगाराला घालतो. आणि अमरशीच्या मिठाची काळजी नको. माझं संपलं की बघू. आठदहा दिवसांनी."

तो गेला तेव्हा रूडी चुलीपुढं भाकरी थापत होती. बाजरीची, हाताएवढी जाड. थापता थापताच ती नवऱ्याला म्हणाली, "भानूचे बापू, बोअर गेला असता तर अर्धा तास तरी कशी चालली असती?"

"काय?"

"गेलेली वस्तू तासाभरानं परत येते का?"

घुघा हसला. हसताना पाय हलला म्हणून लगेच कण्हला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

रूडीला त्यातलं थोडं कळत होतं. तिचा जन्मच आगरावरचा. विहिरीतलं खारं पाणी वर खेचायला तिच्या बापाचं एका नळकांड्याचं डिझेल मशीन होतं. त्याच्या धडधडीशेजारी ती लहानाची मोठी झाली. गावाकडच्या पोरी आवाज झाला की जाग्या व्हायच्या, ही आवाज थांबला की. मशीन खोकलं की बाप म्हणायचा, "बघ गं, घशात काय अडकलंय." मग ती नळी सोडवायची, फुंकायची, परत बसवायची. पण तो होता एक घसा. इथं सहा.

"तुम्ही सांगा, मी हात चालवते," ती म्हणाली. "तुम्हाला तोंड आहे, मला हात आहेत."

"सूनबाई, तोंडाला त्याच्या काही झालेलं नाही, हे खरं," पूरीबा म्हणाली.

मग बाज वेड्या बाभळीच्या सावलीत ओढली गेली, पटलाणीच्या तोंडाशी. घुघा उशीला टेकून बसला, हातात एक लांब काठी. त्या काठीनं तो इंजिनाचे भाग दाखवायचा, जसा मास्तर नकाशावर नद्या दाखवतो. रूडीनं ओढणी कमरेला खोचली, कपाळाला चिंधी बांधली आणि बंपरवर चढली.

"सतराचा पाना घे."

"हा?"

"तो एकोणीसचा."

"हा?"

"ती पकड आहे. देवा. पाना आणि पकड कळत नाही आणि बाई इंजिन खोलायला निघाली."

"तुम्हाला जिरं आणि ओवा कळतो का?" रूडी म्हणाली. "परवा चहात ओवा घातला होता. मी काही बोलले?"

पहिल्या दिवशी तिनं डिझेलचा फिल्टर उतरवला. आतून काळा चिखल निघाला, काजळ आणि शेण कालवल्यासारखा. घुघानं बाजेवरूनच टाळी वाजवली. "सापडलं! हेच होतं!" नवा फिल्टर बसवला. मग नळीतली हवा काढायची होती. घुघानं सांगितलं, वरचा स्क्रू सैल कर, खालचा छोटा हातपंप दाबत राहा, फेस येईल, फेस संपून नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळ. तिनं स्क्रू जरा जास्तच सैल केला. तो उडाला आणि डिझेलची धार सरळ तिच्या तोंडावर आली. पूरीबा धावत ताक घेऊन आली. का ते तिलाही माहीत नव्हतं, पण संकटात ती ताकच आणायची.

इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. अमरशी ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे ट्रकही हाकायचा. त्याला निरोप गेला, टाकी गच्च भरली, आणि तिघं निघाले. अमरशी चाकावर, रूडी मधे, घुघा दारापाशी, प्लास्टरचा पाय खिडकीतून बाहेर, तोफेसारखा. अर्धा तास पटलाणी गात गात गेली. घुघाही गात होता. सातव्या किलोमीटरला दोघं बंद पडले.

समोरून भूपतचा ट्रक भरून येत होता. भूपतनं वेग कमी केला, खिडकीतून बाहेर आलेल्या पायाकडे पाहिलं. "घुघाभाई, आज पायानं सिग्नल देताय का?" आणि पांढरी धूळ उडवत गेला.

रूडीनं खाली उतरून स्क्रू सैल केला, हातपंप दाबला, हवा काढली. गाडी सुरू झाली.

"बघ! हवाच होती!" घुघा ओरडला. "कुठूनतरी हवा खातेय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या नळ्यांचे सांधे सोडले, तांब्याच्या चकत्या तापवून पाण्यात घालून मऊ केल्या, परत बसवल्या. सातव्या किलोमीटरला गाडी बंद. हवा काढली, सुरू, पुन्हा बंद; हवा काढत काढत कसेबसे घरी. तिसऱ्या दिवशी घुघाला वाटलं, नोजल. डिझेल फवारणारी सहाच्या सहा नोजल काढून धुतली. बसवताना एक नळी दुसरीच्या जागी गेली आणि पटलाणीनं असा काळा धूर सोडला की शेजारचे लोक आग लागली म्हणून हंडे घेऊन आले. चौथ्या दिवशी त्यानं डिझेल विकणाऱ्याला शिव्या घातल्या, पाचव्या दिवशी भूपतच्या नजरेला. पूरीबानं बंपरला लिंबू आणि मिरच्या बांधल्या. त्या दिवशी गाडी आठव्या किलोमीटरपर्यंत गेली, आणि पूरीबा दिवसभर भेटेल त्याला लिंबाचा गुण सांगत सुटली.

रूडीची बोटं काळी पडली होती. नखांतलं काळं चुलीच्या राखेनंही निघेना. पाठीत उसण भरली होती, आणि भाकरीला डिझेलचा वास येतो म्हणून घुघा कुरकुरत होता. पण तिच्या डोक्यात मात्र एक गोष्ट हळूहळू जागेवर बसत होती. नवऱ्याचा अंदाज दररोज बदलायचा, गाडीचं वागणं बदलत नव्हतं.

"आगरात शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं नाही तर तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

"आता आगर कुठून आलं मधेच?"

"सांगा ना."

"विहिरीपासून बघत येतो. बांध कुठं फुटला ते."

"मग आपण रोज शेवटच्या वाफ्यापासून का बघतोय? नोजल काय, पंप काय. विहिरीकडे कोणी बघितलंच नाही."

"विहीर म्हणजे टाकी ना? टाकी भरलेली आहे! काठोकाठ! मी रोज भरून घेतो!"

"तेच म्हणतेय," रूडी म्हणाली. "भरलेली असली की सातव्याला बंद पडते. परवा तुम्ही डिझेलवाल्याशी भांडलात, म्हणून काल टाकी अर्धीच होती. काल आठव्यापर्यंत गेली."

"ते लिंबानं," पूरीबा आतून म्हणाली.

घुघानं कपाळावर हात मारला. "पोट भरलेलं असलं की माणूस लवकर थकतो आणि उपाशी असला की लांब जातो, असं म्हणतेस? अगं, इंजिन आहे ते, साधू नाही."

रूडीला एवढंच कळत होतं, की तिनं जे पाहिलं ते पाहिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, आणि तेही चुलीपाशी. शेंगदाण्याच्या तेलाचा नवा डबा फोडायचा होता. पूरीबानं खिळा ठेवला, दगड घातला, एक भोक पाडलं आणि डबा बरणीवर कलता केला. तेल दोन गचके खाऊन आलं, मग थेंब थेंब, मग बंद. डबा आतून टंकन् वाजला आणि त्याचा पत्रा पोटात गेल्यासारखा आत गेला.

"आई गं, दुसरं भोक पाडा की," रूडी म्हणाली. "हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं..."

वाक्य तिथंच राहिलं. तिनं पूरीबाच्या हातातला खिळा घेतला, दुसरं भोक पाडलं. तेलाची जाड, सोनेरी धार शांतपणे बरणीत पडू लागली. बरणी भरली, ओतू लागली, तरी रूडी बघतच होती.

"अगं, तेल!" पूरीबा किंचाळली. "तेल सांडलं! हिला त्या ट्रकनं वेड लावलं!"

"भानूचे बापू," रूडी उठून म्हणाली, "टाकी भरून घ्या. गच्च. आणि अमरशीला बोलवा."

"का? काय झालं?"

"बंद पाडून बघायची आहे."

हे घुघाच्या आयुष्यात नवीन होतं. वीस वर्षं त्यानं गाडी चालावी म्हणून नवस केले होते. बंद पडावी म्हणून निघालेलं माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

ऊन चढलं होतं. रणात दूरवर पाणी असल्यासारखं चमकत होतं आणि जवळ गेलं की नुसती भेगाळलेली जमीन. रूडी गप्प बसून किलोमीटर मोजत होती. पाच. सहा. सातव्याच्या अलीकडेच पटलाणीचा आवाज पातळ झाला. अमरशीनं पाय दाबला. दोन उचक्या. शांतता.

घुघानं सवयीनं सुरू केलं, "चल, बोनेट उघड, स्क्रू सैल कर, हातपंप..."

रूडी बोनेटकडे गेलीच नाही. ती खाली उतरून मागं टाकीपाशी गेली. झाकणाला दोन्ही हात घातले. झाकण हलेना, आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. तिनं पाय टाकीला लावला, दात आवळले आणि जोर केला.

सूऽऽऽ...

टाकीनं श्वास घेतला. लांब, खोल, बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा. अमरशीनं तो आवाज चाकामागून ऐकला. आत गेलेला पत्रा टंकन् बाहेर आला.

"दाजी," अमरशी म्हणाला, "हिला दमा होता."

रूडीनं चार वेळा हातपंप दाबला, आणि एकही स्क्रू न सोडता पटलाणी सुरू झाली. तिनं झाकण उलटं करून पाहिलं. मधे एक बारीक भोक असायला हवं होतं. ते होतंही. पण त्यावर, आतल्या बाजूनं, रबराची एक गोल चकती चिकटवलेली होती. नीट कापलेली, पंक्चरच्या सोल्युशननं पक्की बसवलेली. निळ्या रंगाची.

घरात निळी चप्पल एकाच माणसाची होती.

ती झाकण घेऊन पुढं आली. खिडकीतून बाहेर आलेल्या प्लास्टरवर तिनं ते ठेवलं, उलटं, चकती वर करून.

घुघानं पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "होळीच्या सुमाराला डिझेल उसळून सांडायचं. खड्ड्यात. म्हणून मी... सगळं वाया जात होतं ना."

"हो."

"मला वाटलं, ते भोक गंजून पडलंय."

"हो."

"चांगलं बसवलं होतं मी. बघ, अजून निघालं नाही."

अमरशीनं तोंडात पागोट्याचं टोक कोंबलं होतं, तरी त्याचे खांदे हलत होते. रूडीनं खिळ्यानं चकती उचकटली. घुघानं डोळे मिटून घेतले होते. तिला वाटलं होतं की आपल्याला खूप हसू येईल. पण प्लास्टरमधून बाहेर आलेली, धुळीनं पांढरी झालेली त्याची पाच बोटं पाहिली आणि हसू आलंच नाही. आठवडाभर तो त्या गाडीला, डिझेलवाल्याला, भूपतला शिव्या देत होता, आणि सगळ्या शिव्या आता रांगेनं घरी परत येत होत्या.

"चल अमरशी," ती आत बसत म्हणाली. "अजून अकरा किलोमीटर आहेत."

त्या अकरा किलोमीटरांत घुघा एक शब्द बोलला नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. असं कधी घडलं नव्हतं.

मग काम सुरू झालं. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत पहिली खेप. अमरशीची बायको आणि शेजारच्या आगरावरच्या चौघी टोपल्या भरायच्या, फळीवरून चढून ट्रकमध्ये ओतायच्या. मीठ मानेवरून पाठीत उतरायचं आणि घामात चरचरायचं. दुपारी काळा चहा, भाकरी, लसणाची चटणी. परत दुसरी खेप. रूडी गाडीबरोबर जायची. रोज निघताना झाकणाच्या भोकात काडी घालून बघायची, तेल बघायची, पट्टा बोटानं दाबून बघायची. दोनदा नळी सैल झाली, दोन्ही वेळा तिनं आवाजावरून आधी ओळखली. नवव्या दिवशी अमरशीच्या ढिगाची जागा नुसता ओला पांढरा वर्तुळाकार डाग होऊन राहिली.

घुघाचा आवाज तोवर परत आला होता. चहाच्या टपरीवर तो कुबड्या टेकून बसायचा आणि सांगायचा, "आम्ही विहिरीपासून बघत आलो. शेवटच्या वाफ्यापासून नाही. तिथंच सगळे मिस्त्री चुकतात." चकतीचा विषय आला की त्याला खोकला यायचा.

जेठ अर्धा झाला असताना एका दुपारी भूपत अंगणात आला. या वेळी तो बाजेवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "रूडीबेन, जरा येता का? माझी एक गाडी आवारापाशी बंद आहे. दुसरी चारणांकडच्या लग्नाच्या वरातीला गेली."

घुघाची मान तलवारीसारखी वर आली. आठदहा दिवसांनी बघू, हे शब्द त्याच्या ओठांवर येऊन बसले होते. रूडीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं शब्द गिळले, पण गिळताना फार हाल झाले.

गाडी नवी होती, चकचकीत. पाचपन्नास माणसं जमली होती, कारण रूडी चकती काढून गाडी सुरू करणार, असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं आधी टाकीचं झाकण उघडलं. काही नाही. गर्दीनं निःश्वास सोडला. मग तिनं इंजिन सुरू करायला लावलं. मागून पांढरा धूर, कपडे वाळत घालावेत असा दाट. पाण्याच्या टाकीत बुडबुडे, डाळ उकळावी तसे. तिनं ऑइल मोजायची काठी ओढून काढली आणि गर्दीतल्या पूरीबानं लगेच ओळखलं.

"अगं बाई, ताक!"

खरंच, काठीवर ताकासारखं पांढरट काही लागलं होतं.

"बंद करा," रूडी म्हणाली. "पाणी ऑइलमध्ये उतरलंय. इंजिनाच्या डोक्याखालची, हेडची गॅस्केट गेली असणार, नाहीतर हेडला चीर आहे. हे मला येत नाही."

"येत नाही म्हणजे?" भूपतचा चेहरा उतरला. "झाकणाचं आलं, हे येत नाही? मागचं मनात ठेवून बोलत असाल तर..."

"भूपतभाई, झाकणाचं कळलं कारण ते झाकणाचं होतं. हे खोलावं लागेल. आता आणखी पाच मिनिटं चालवलीत तर जे बरं होण्यासारखं आहे तेही जाईल. वशरामभाईंना बोलवा."

गर्दी हिरमुसून पांगली. भूपतनं नाइलाजानं गाडी ओढून नेली. वशराम मिस्त्रीनं हेड उतरवलं, गॅस्केट हातात घेऊन उन्हात धरली. तिचा एक कोपरा जळून गेला होता. "कोणी सांगितलं बंद कर म्हणून?" त्यानं विचारलं. भूपतनं सांगितलं. वशरामनं सुपारी या गालातून त्या गालात नेली. "दहा मिनिटं आणखी चालली असती तर ब्लॉक फेकून द्यावा लागला असता," तो म्हणाला, आणि मग स्वतःशीच, "मी पटलाणीची टाकी बघायला हवी होती." ही दुसरी गोष्ट भूपतनं गावात आल्याबरोबर टपरीवर सांगितली.

भूपतच्या कराराचे तीन ढीग रणात पडून होते. मीठ भूपतचं नव्हतं, पिकवणाऱ्यांचं होतं. म्हणून ते उचलायला पटलाणी आणखी बारा दिवस चालली. घुघानं एकदा विचारून पाहिलं, की निदान भूपतला टपरीवर दोन शब्द तरी ऐकवू का. रूडी म्हणाली, "ऐकवा. फक्त शेवटचा ढीग उचलल्यावर." शेवटचा ढीग उचलून झाला तेव्हा घुघाला तो विषयच आठवेना.

प्लास्टर निघालं त्या दिवशी घुघाचा पाय वाळलेल्या बोंबलासारखा दिसत होता. तो लंगडत थेट पटलाणीपाशी गेला. मोसम संपला होता. रूडीनं तिला गोड्या पाण्यानं धुतलं होतं, सांध्यांना जुनं ऑइल चोळलं होतं. घुघानं बोनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि खिशातून पाना काढला.

"हा आवाज जरा जाड वाटतो," तो म्हणाला. "पंप थोडा कमी करतो. आणि हा स्क्रू..."

"भानूचे बापू." रूडी उंबऱ्यात उभी होती, हाताला पीठ. "पाना खाली ठेवा."

"फक्त अर्धा फेरा."

"आधी ठेवा. आता डोळे मिटा आणि ऐका."

घुघानं डोळे मिटले. पटलाणी संथपणे धडधडत होती, सहाच्या सहा, एकामागून एक, एका लयीत. पूरीबाही दारात येऊन कान देऊन उभी राहिली.

"काय ऐकू येतं?"

घुघा बराच वेळ ऐकत राहिला. ओशाळवाणा होऊन म्हणाला, "काही नाही. ठीक चाललंय."

"झालं तर," रूडी म्हणाली. "मग हात लावायचा नाही."